मळकी पाने आधी

उंटाला थंडी वाजली.

सरस उकळायला ठेवला की शेजारच्या दुकानातली माणसे खिडक्या लावून घेतात.

आईची पाळी आता दुपारची झाली होती.

मेंढ्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि समोरच्या चित्रात एक न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता.

चष्म्याच्या दुकानात, ज्याला धड दिसत नाही त्यालाच आधी आरसा दाखवतात.

बोट सरकणे वेगळे आणि बोट थांबणे वेगळे.

मित्रांनो, गोंधळलात ना? तुमची चूक नाही. मी एक जुने पुस्तक आहे, आणि माझी पाने एकदा अशीच, जमतील तशी, एकापुढे एक शिवली गेली होती. त्याची खोड अजून माझ्या अंगात आहे. बोलायला तोंड उघडले की भलतेच पान उघडते. आता मात्र पहिल्यापासून सांगते.

(पहिले पान. याचा कोपरा कुणीतरी चावला आहे.)

माझे नाव 'उंटाचा मफलर'. गोष्ट साधी आहे. एका उंटाला थंडी वाजते, पण फक्त मानेला. तो मफलर मागत विहिरीपासून बाजारापर्यंत गावभर हिंडतो. शिंपी म्हणतो, कापड पुरायचे नाही. न्हावी म्हणतो, टॉवेल पुरायचा नाही. शेवटी मेंढ्या लोकर देतात आणि एक म्हातारी विणायला बसते. बस, एवढेच. मोठी माणसे मला उभ्या उभ्या संपवतात. लहान मुलांना मात्र मी पुरून उरते.

छापखान्यात माझी सगळी पाने एकाच मोठ्या कागदावर छापली. काही सरळ, काही डोक्यावर उभी. मला वाटले, झाले, आपले आयुष्य असेच उलटेसुलटे जाणार. पण एका बाईने त्या कागदाच्या घड्या घातल्या, कडा कापल्या, आणि सगळी पाने जिथल्या तिथे सरळ उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती शेजारणीला पडद्यांच्या कापडाबद्दल काहीतरी सांगत होती.

माझ्या बांधणीतली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे तिच्यामुळेच घडले. मला उघडले की डाव्या हाताला चित्र दिसते आणि उजव्या हाताला त्या चित्राचे शब्द. म्हणजे चित्र एका पानावर आणि त्याचे शब्द पुढच्या पानावर. पाने आपापल्या जागी असली तर दोघे समोरासमोर येतात. पाने इकडची तिकडे झाली, तर चित्राला परकेच शब्द भेटतात.

(या पानावर तेलाचे बोट आहे. त्याच्या शेजारी आणखी एक, लहान.)

एका शाळेने मला घेतले. पहिली-दुसरीच्या वर्गात, खिडकीखालच्या कपाटात मला जागा मिळाली. त्या वर्गाच्या बाईंचा एक रिवाज होता. शुक्रवारी प्रत्येक मुलाने कपाटातले एक पुस्तक घरी न्यायचे, ते कुणालातरी वाचून दाखवायचे आणि सोमवारी परत आणायचे. वाचता येत नसेल, तर घरच्यांकडून वाचून घ्यायचे.

"आई नसेल तर काका," बाई सांगत. "काका नसतील तर शेजारी. कुणीच नसेल तर मांजर. पण ऐकणारं कुणीतरी पाहिजे."

मी एकदा खरोखरच एका मांजराला वाचून दाखवले गेले. ते शिंप्याच्या पानावर उठून गेले.

किती घरे पाहिली मी. कुठे जेवणाच्या टेबलावर, कुठे जिन्याच्या पायरीवर, कुठे पांघरुणात. मुलांना सगळ्यात आवडे ते न्हाव्याचे पान. उंट खुर्चीत बसला आहे, खुर्ची मोडायला आली आहे, आणि न्हाव्याचा टॉवेल उंटाच्या मानेला एक वेढाही घालू शकत नाही. त्या पानावर मुले थांबत, हसत, बोटे ठेवत, पुन्हा मागे येत. ते पान हळूहळू माझ्या बाकीच्या पानांपेक्षा काळपट झाले. मला त्याची लाज वाटत नसे. खरे सांगायचे तर मी जरा मिरवतच असे.

(या पानावर काही सांडलेले नाही. पण ते मऊ झाले आहे.)

गोटी पहिलीत आली आणि पहिल्याच शुक्रवारी तिने मला उचलले. तिचे खरे नाव हजेरीत होते, पण घरात, गल्लीत आणि वर्गातही ती गोटीच. पुढच्या शुक्रवारी तिने पुन्हा मलाच नेले. त्याच्या पुढच्याही. बाई म्हणाल्या, "अगं, बाकीची पुस्तकं रुसतील." गोटी म्हणाली, "रुसू देत."

तिच्या घरात तिघेच होते. ती, तिची आई आणि आईचे वडील, म्हणजे आजोबा. आजोबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लोक त्यांना अजून पेंटर म्हणत, पण मोतीबिंदूमुळे हातातला ब्रश कधीच सुटला होता. आई औषधाच्या गोळ्या भरायच्या कारखान्यात कामाला होती. तेव्हा तिची पाळी सकाळची असे. संध्याकाळी ती गोटीला कुशीत घेऊन मला वाचून दाखवी. न्हाव्याचा आवाज ती नाकातून काढायची. मेंढ्या सगळ्या एकदम बोलत, म्हणून त्यांच्यासाठी गोटीलाही बोलावे लागे. मी त्या घरात फार सुखात होते.

मग आईची पाळी बदलली. गोटी शाळेतून यायच्या आत आई कामावर गेलेली असे, आणि तिची सुट्टीही आठवड्याच्या मधल्या वारी आली. त्या शुक्रवारी गोटी मला घेऊन आजोबांसमोर बसली. आजोबांनी विचारले, "वाचणार कोण? माझे डोळे आज थकलेत."

"मी वाचते," गोटी म्हणाली.

तिने मला उघडले, बोट ठेवले आणि वाचायला सुरुवात केली. उंटाला थंडी वाजली. थंडी फक्त मानेला वाजली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. न्हावीसुद्धा नाकातून बोलला.

मित्रांनो, मी पुस्तक आहे. कुणाचे बोट माझ्यावरून कसे फिरते ते मला कळते. वाचणारे बोट शब्दाशी पोचले की कणभर थबकते. गोटीचे बोट भिंतीवरून फिरवावे तसे सरकत होते. तिला माझे एकही अक्षर ओळखू येत नव्हते. ती आईला ऐकून ऐकून मला अख्खी पाठ करून बसली होती, आणि चित्र पाहून पान उलटत होती.

आजोबांनी आईला सांगितले. आईने कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितले. वर्गात बाईंनी तिचे वाचन ऐकून पाठ थोपटली. गोटी हसली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून वर्गात वाचायची वेळ आली की गोटी पुस्तके वाटायला उठे, खडू आणायला पळे, नाहीतर तिला तहान लागे. दुसरी संपत आली तेव्हा एकदा तिने कपाटातले वरच्या वर्गाचे पुस्तक उघडून पाहिले. त्यात चित्रेच नव्हती. तिने ते मिटले आणि माझ्या मागे लपवून ठेवले.

(हे पान एकदा भिजून वाळले आहे.)

त्याच सुमारास खिडकीची काच फुटली आणि कपाटात ओल शिरली. माझे टाके सैल झाले. पानांचे खालचे कोपरे, जिथे माझे आकडे छापलेले होते, ते आधीच मुलांच्या बोटांनी झिजले होते, आता गळून पडले. माझ्यावर कुणीतरी जुने नकाशे ठेवले. काही आठवडे मला कुणी हात लावला नाही. कपाटात अंधार असतो हे मला तोवर माहीत नव्हते, कारण मी तिथे कधी फार राहिलेच नव्हते.

मग फाटक्या पुस्तकांचा ढीग बाइंडरकडे गेला आणि त्यात मीही गेले.

बाइंडर कामाला चोख होता. त्याचे टाके आजही सुटलेले नाहीत. पण तो जे शिवतो ते वाचत नसे. "वाचत बसलो तर शिवणार कधी?" असे तो गिऱ्हाइकांना सांगे. आकडे गेलेले पुस्तक आले तर क्रम लावायची त्याची एक रीत होती. मुलांचे पुस्तक पुढून मळते. पहिली पाने काळी, मधली बरी, शेवटची कोरी करकरीत, कारण तिथवर फारसे कुणी पोचत नाही. म्हणून मळकी पाने आधी, स्वच्छ पाने नंतर. या हिशेबाने त्याने ढीगभर पुस्तके अचूक लावली होती.

माझ्या बाबतीत मात्र त्याची रीत फसली. माझे मधलेच पान सगळ्यात मळके होते, आणि शेवटची पाने पहिल्या पानांइतकीच वापरलेली. त्याने न्हाव्याला सगळ्यांच्या पुढे आणून बसवले. त्याच्यासमोर मेंढ्यांचे शब्द आले. शिंपी शेवटी गेला. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण पुस्तकाला स्वतःहून बोलता येत नाही. कुणीतरी उघडावे लागते.

(या पानावर चष्म्याच्या काडीचा ओरखडा आहे.)

मी शाळेत परतले आणि गोटीने मला घरी नेले. मध्यंतरी आजोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते आणि त्याच आठवड्यात त्यांचा नवा चष्मा आला होता. शनिवारी सकाळी ते खुर्ची खिडकीशी ओढून म्हणाले, "ये. आज मीही बघतो पुस्तकात. तू वाच, मी नजर ठेवतो."

गोटीने मला उघडले आणि तिचा हात थबकला. समोर न्हावी होता. पण तिला वाटले, नवे कव्हर आहे, नवी सुरुवात असेल. तिने शब्दांवर बोट ठेवले आणि नाकातून म्हटले, "मान एवढी लांब! टॉवेल पुरायचा नाही."

आजोबांनी पानाकडे पाहिले. पानावर छापले होते, 'मेंढ्या रांगेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमची लोकर घे.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मेंढ्याच. पुढेही तसेच, शेवटच्या पानापर्यंत. गोटीने वाचली विहीर, आजोबांना दिसला शिंपी. एका ठिकाणी गोटीने दोन पाने एकदम उलटली, कारण मधले चित्र तिने कधी पाहिलेलेच नव्हते. आजोबांनी तेही पाहिले आणि ते चष्म्याच्याच खात्यात टाकले. गोटी चुकत असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

आई डबा भरत होती. आजोबा तिच्यापाशी जाऊन हळूच म्हणाले, "हा चष्मा परत करायला हवा."

"बाबा, परवाच तर आणलाय. काय झालं त्याला?"

"अक्षरं बदलतो."

"चष्मा अक्षरं बदलतो?"

"ही वाचते न्हावी आणि मला दिसतात मेंढ्या."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिले. "जरा पडा तुम्ही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

आजोबा पडले नाहीत. त्यांनी मला पिशवीत घातले, गोटीचा हात धरला आणि चष्मेवाल्याचे दुकान गाठले. गोटीला साक्षीदार म्हणून नेले होते.

चष्मेवाल्याने आरसा पुढे केला, काड्या सरळ केल्या, मग भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली. आजोबांनी वरपासून खालपर्यंत वाचली. पाटीवरची अक्षरे नुसती सांगून ते थांबले नाहीत. तिसऱ्या ओळीतला 'क' कुणीतरी कंटाळून काढलाय, हेही सांगितले.

"काका, सगळ्यात खालची ओळ मलासुद्धा दिसत नाही," चष्मेवाला म्हणाला. "मला ती पाठ आहे म्हणून येते. तुम्हाला आणखी काय दिसायला हवंय?"

गोटी भिंतीकडे बघत राहिली.

आजोबांनी मला काउंटरवर ठेवले आणि तक्रार सांगितली. चष्मेवाल्याने दोन पाने वाचली, चित्रे पाहिली आणि तो हसायलाच लागला. "अहो, चष्म्यात काही नाही. पुस्तकच उलटंसुलटं शिवलंय. चित्रात न्हावी आणि शब्दांत मेंढ्या."

"मग ही बरोबर कसं वाचत होती?"

"हुशार आहे. मनातल्या मनात दुरुस्त करून घेत असेल."

आजोबांना ते पटले. एवढेच नाही, तर ते इतके खूश झाले की दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही त्यांनी ते ऐकवले. गोटीने मला काउंटरवरून उचलून छातीशी धरले. तिच्या तळहातांना घाम सुटला होता. तो माझ्या नव्या कव्हरवर उमटला, आणि मला कळले की ती आता अडकली आहे. आता तिला नुसते वाचणारी नाही, चुकलेले पुस्तकही दुरुस्त करून वाचणारी मुलगी व्हावे लागणार होते. कायमचे.

(या पानावरही. तो घाम कव्हरमधून आत उतरला आहे.)

परतीच्या वाटेवर आजोबा बोलत होते. तिसरीत गेलीस की मोठी पुस्तकं आणू, म्हणत होते. गोटी मध्येच थांबली. आजोबा दोन पावले पुढे गेले, मग हातात हात नाही हे त्यांच्या लक्षात आले.

"काय गं, चप्पल तुटली?"

"नाही."

"मग?"

गोटी माझ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, चष्मा बरोबर आहे. पुस्तक चुकलेलं असेल. पण मला वाचता येत नाही."

"हे येत नाही, की कुठलंच?"

"कुठलंच."

शेजारी एक बंद दुकान होते. आजोबा त्याच्या पायरीवर बसले. गोटी उभीच राहिली.

"मग इतके दिवस काय करत होतीस?"

"गोष्ट सांगत होते. आई सांगायची तशी."

"सगळी पाठ?"

"हो."

समोरून एक हातगाडी गेली. आता आजोबा रागावतील असे मला वाटले. गोटीलाही वाटले, कारण तिने मला तोंडापर्यंत वर धरले होते.

"मी सकाळी पेपर वाचत बसायचो ना," आजोबा म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी?"

"हो."

"तो मी नुसता धरायचो."

गोटीने मला जरा खाली घेतले. "मग पानं कशाला उलटायचा?"

"तुझी आई बघायची ना. पाट्या रंगवणारा माणूस मी, आणि मला अक्षर दिसत नाही, हे सांगू कसं? एकदा तर उलटा धरला होता. तुझ्या आईने सरळ करून हातात दिला आणि काही न बोलता निघून गेली."

गोटी हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने. मग तिला रडू आले, आणि रडता रडता ती पायरीवर आजोबांना चिकटून बसली. मी दोघांच्या मांड्यांवर, मध्ये होते. इतके दिवस तिच्या बोटांत एक ताठपणा असे. माझ्या पाठीवर तो मला रोज जाणवे. तो त्या पायरीवर गेला.

"आता?" तिने विचारले.

"आता काय. मला दिसायला लागलं, तू वाचायला लागायचं. माझं ऑपरेशन झालं तसं तुझं काही कापावं लागणार नाही, हे एक बरं आहे."

(या पानावर साबणाच्या पाण्याचे थेंब आहेत.)

आईला कळले तेव्हा ती भांडी घासत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतंस," गोटी म्हणाली.

आईचा हात थांबला. नळ वाहत राहिला. "सांगितलं होतं खरं," ती म्हणाली. मग तिने नळ बंद केला. "आता जाऊन सांगेन, शिकतेय म्हणून. त्यांची पोरं काय पोटातून शिकून आली?"

सोमवारी आजोबा गोटीबरोबर शाळेत आले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मला उघडून न्हावी आणि मेंढ्या पाहिल्या.

"मीही हिचं वाचन ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "आवाज ऐकला, बोट नाही पाहिलं." मग त्या गोटीकडे वळल्या. "पण हे काही कमी नाही गं. अख्खं पुस्तक पाठ आहे तुला. यात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे. कुठे लिहिलंय, तेवढं शोधायचं राहिलंय."

त्यांनी कात्री घेतली आणि माझे टाके कापले.

मला जरा कसेतरी झाले. पण पाने सुटी होऊन सतरंजीवर पसरली गेली, तेव्हा मला छापखान्यानंतर पहिल्यांदा मोकळा वारा लागला.

रोज शाळा सुटल्यावर गोटी आणि आजोबा वर्गाच्या कोपऱ्यात बसू लागले. बाई तिथेच वह्या तपासत. काम असे होते, की प्रत्येक चित्राला त्याचे शब्द शोधून द्यायचे. सुरुवात अर्थात न्हाव्यापासून.

"न्हावी काय म्हणतो?"

"मान एवढी लांब! टॉवेल पुरायचा नाही."

"टॉवेलचं पहिलं अक्षर?"

"ट."

आजोबांनी खडूने फरशीवर मोठा ट काढला. पाटीवर काढत तसा. वरची रेघ आधी, मग तिला टांगलेले अक्षर. "दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तसं. हा असा दिसतो. आता शोध."

गोटी पानांवरून रांगत फिरली. "आजोबा, ट तर सगळीकडे आहे."

"सगळीकडे उंट आहे ना. त्याला सोड. दुसरा शोध."

ती पुन्हा फिरली. तिचे बोट माझ्या ओळींवरून सरकत होते. नेहमीसारखे. सरकले, सरकले, आणि थांबले.

"हा ट उंटाचा नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या थांबण्यासाठी मी छापले गेले होते.

मग मेंढ्यांचा म सापडला. विहिरीतला व सापडला. काही दिवस एकच जोडी जमे, काही दिवस एकही नाही. आई सुट्टीच्या वारी येऊन बसायची आणि नाकातून बोलायची. हळूहळू गोटी पहिल्या अक्षरावरून शब्द ओळखू लागली, शब्दावरून ओळ. दारावरची पाटी वाचू लागली, आईच्या कारखान्याचे नाव वाचू लागली, आजोबांच्या पेपरातले मोठे मथळे वाचू लागली. पेपर आता सरळच असे.

शेवटी एक चित्र उरले आणि एक शब्दांची बाजू उरली. चित्रात उंट आणि म्हातारी समोरासमोर बसले होते. हे गोटीला कुणीच कधी वाचून दाखवले नव्हते. कारण ही दोन पाने कुणाच्यातरी चिकट हाताने एकमेकांना घट्ट चिकटली होती, आणि बाइंडरने ओले फडके ठेवून ती सोडवली होती.

"यात काय आहे?" गोटीने विचारले.

"मी नाही वाचणार," बाई म्हणाल्या. "तुझं तू बघ. आज नाही तर नंतर."

आजोबांनी लगेच चष्मा काढून खिशात ठेवला. "मला मोह होतो," ते म्हणाले.

(या पानाला बांधणीच्या सरसाचा वास आहे.)

सुटी पाने दोरीने बांधून दोघे बाइंडरकडे गेले.

"हे तर मीच शिवलं होतं," बाइंडर म्हणाला.

"म्हणूनच आलो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी झाला प्रकार सांगितला.

बाइंडरने पाने उजेडात धरून पाहिली. "मळकी आधी, ही माझी रीत. कधी चुकली नव्हती. मधलं पान सगळ्यात मळकं, असं पुस्तक माझ्या हातात आलंच नव्हतं."

माझी इतकी स्तुती आजवर कुणी केली नव्हती.

"एकेक पान वाचून दे," तो गोटीला म्हणाला. "म्हणजे या खेपेला चूक व्हायची नाही."

गोटी वाचून देऊ लागली. बाइंडर दाभणाने भोके पाडत, दोरा ओढत होता. आधी तो नुसता मान हलवत होता. शिंपी आला तेव्हा तो हसला. न्हावी आला तेव्हा त्याने दोरा ओढायचा थांबवला. आपण शिवतो ते पुस्तक तो पहिल्यांदाच ऐकत होता.

मग ती न ऐकलेली जागा आली. आजोबांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि परत आला. गोटीचे बोट माझ्यावर टेकले. मला तिची नाडी लागत होती.

"उंटाने," ती म्हणाली. ते सोपे होते. "म्हा... म्हाता... म्हातारीला. वि... चा... विचारले." तिने श्वास घेतला. "तुला. थंडी. नाही. वाजत." पुढच्या ओळीवर बोट उतरले. "म्हातारी म्हणाली, वि... ण... विणताना नाही वाजत. थां... थांबले की वाजते."

सरस उकळत होता. आजोबा दाराबाहेर बघत होते, आणि बाहेर बघण्यासारखे काही नव्हते.

बाइंडरच्या हातात दाभण तसाच होता. "मग?" त्याने विचारले. "थांबली का ती?"

"पुढच्या पानावर आहे," गोटी म्हणाली. "ते मला पाठ आहे." मग तिने पान उचलून डोळ्यांजवळ धरले. "पण थांबा. वाचते."

(हे पान कोरे आहे. इथे तुमचे बोट ठेवा.)

मित्रांनो, आता मी कपाटात सरळ उभी असते. माझे टाके मजबूत आहेत. तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला जपा. पण काचेमागे ठेवून नाही. आम्हाला हात लागू द्या, आमचे कोपरे झिजू द्या, फक्त ओलीत ठेवू नका. तुमच्या शेजारी कुणी वाचत असेल, तर त्याच्या आवाजाबरोबर त्याच्या बोटाकडेही बघा. आणि ते बोट जर नुसते सरकत असेल, तर हसू नका, ओरडू नका. शेजारी बसा. आणि ते बोट तुमचे स्वतःचे असेल, तर जवळच्या कुणालातरी सांगून टाका. सांगितल्यावर हलके वाटते. ते मी दोन मांड्यांवर बसून पाहिले आहे.

बघा, पुन्हा भलतेच पान उघडले: आईने मला पहिल्यांदा वाचून दाखवले, तेव्हा गोटी मेंढ्या येण्याआधीच झोपली होती.